परकीय चलन

बँकेच्या नोकरीत माणूस दोन गोष्टी साठवतो. एक रजा आणि दुसरा रक्तदाब. रक्तदाब आपोआप साठतो, त्याला अर्ज लागत नाही. रजेसाठी मात्र निग्रह लागतो. चोवीस वर्षांत मी दोनशे चाळीस दिवसांची हक्काची रजा साठवली होती. सख्ख्या मेहुणीच्या लग्नाला मी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा काढून गेलो आणि अक्षता पडल्याबरोबर जिलबीचे ताट सोडून काउंटरवर हजर झालो, तो ह्या रजेच्याच प्रेमापोटी. (सासुरवाडीला ह्या प्रसंगाचा उल्लेख अजून होतो.) निवृत्तीच्या दिवशी ही रजा बँकेला विकायची आणि आलेल्या पैशांची मुदत ठेव करायची, असा माझा बेत होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. स्वप्नेसुद्धा जमा आणि नावे अशा दोन बाजू आखूनच पाहतो.

ती सगळी रजा मी २०२४ साली दोन कुत्र्यांवर खर्च केली.

शाखेत सर्वांचा समज असा, की मी सिंगापूर बघायला गेलो होतो. परत आल्यावर जो तो विचारी, "काय काय पाहिलंत?" मी आठ महिने तिथे राहिलो हे खरे, पण जे काही पाहिले ते साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून, आणि पुढचे टोक ज्या खांबापाशी थांबेल त्या खांबापाशी थांबून. सिंगापुरातले विजेचे खांब ह्या विषयावर मात्र मी अधिकारवाणीने बोलू शकेन.

सुरुवात अर्थातच सौ.पासून झाली. ती एका संगणक कंपनीत आहे. तिथे ती नेमके काय करते हे मला वीस वर्षांत समजलेले नाही. पगार तेवढा समजतो, कारण तो माझ्या सव्वातीनपट आहे. आई होती तोवर सौ. मला 'अहो' म्हणे. आई गेल्यावर मी 'अरे' झालो. आणि २०२४च्या जानेवारीत तिची दोन वर्षांसाठी सिंगापूरला बदली झाली तेव्हा मी 'डिपेंडंट' झालो. हे मी म्हणत नाही, तिथले सरकार म्हणते. बायकोच्या नोकरीवर नवरा तिथे राहायला जातो त्या परवान्याचे नावच मुळी 'डिपेंडंट्स पास'. ह्या पासवर वेगळा परवाना काढल्याशिवाय नोकरी करता येत नाही. जी अवस्था मी चोवीस वर्षे दर सोमवारी सकाळी देवाजवळ मागत होतो, ती एका परक्या सरकारने मला कायद्यानेच देऊ केली.

"तू येशील रे," सौ. म्हणाली, "पण कुत्र्यांचं काय?"

आमच्याकडे कुत्री दोन. थोरली पिंशी. मुलगी सात वर्षांची असताना "बाबा, मी रोज फिरवीन, मी शी उचलीन, मी आंघोळ घालीन" अशी त्रिवार शपथ घेऊन तिने ही आणवली. नाव प्रिन्सेस ठेवले होते. आईला ते म्हणता येईना, तिने पिंशी केले. विकणाऱ्याने पॉमेरियन म्हणून दिली, ती वाढता वाढता स्पिट्झ निघाली. पांढरी, केसाळ, तोंडाने फटकळ. मुलगी आता इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात आहे. पिंशीला फिरवतो मी, शी उचलतो मी आणि आंघोळ तर आम्हां दोघांनाही होते.

धाकटा चिल्लर. २०१६च्या नोव्हेंबरात पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हाच्या रांगा वाचकांना आठवत असतीलच. आम्ही त्या रांगांच्या दुसऱ्या बाजूला होतो. त्या रांगेबरोबर एक तांबूस पिल्लू रोज येई. रांग सरकली की सरके, शटर पडले की पायरीवर झोपे. नवी दोन हजारांची नोट हातात घेऊन माणसे सुट्ट्या पैशांसाठी वणवणत होती, आणि शाखेत चिल्लर म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू शिल्लक होती. एके रात्री साडेदहाला कॅश जुळल्यावर मी ती स्कूटरवर पायांत ठेवून घरी आणली. दुसऱ्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या फलकावर सूचना लागली : 'सभासदांनी गावठी कुत्री आणून इमारतीचा दर्जा घालवू नये.' पिंशीमुळे दर्जा घालवला जात नव्हता. ती विकत घेतलेली होती.

सौ. एकटी गेली. मी आणि कुत्री कोथरूडला राहिलो. साताऱ्याहून भाऊ म्हणाला, "दोन्ही इकडे आणून सोड की, वाडा मोकळाच आहे." त्याचे म्हणणे प्रेमाचे होते. पण पूर्वी एकदा आम्ही पिंशीला तीन दिवस कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवले होते. तीन दिवस तिने अन्नाला तोंड लावले नाही, आणि चौथ्या दिवशी तिला सलाइन लावावे लागले. सौ. रोज रात्री फोन करी. "पिंशीने खाल्लं का?" हा पहिला प्रश्न, "तू जेवलास का?" हा तिसरा. मध्ये चिल्लर येई. एका रात्री ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "पिंशी अकरा वर्षांची आहे रे. दोन वर्षं म्हणजे..."

वाक्य तिने पुरे केले नाही. दुसऱ्या दिवशी मी शाखेत गेल्या गेल्या रजेची शिल्लक पाहिली.

माणसाला सिंगापूरला न्यायला फारसे काही लागत नाही. माझा पास सौ.च्या कंपनीने बसल्या जागी काढून दिला. कंपनीने माझे तिकीटही दिले. कुत्र्यांच्या भाड्याचा विषय निघाल्याबरोबर मात्र कंपनीचे इंग्रजी एकाएकी फार सभ्य झाले. तेव्हा तो खर्च आमचा, आणि त्यांना लागले पाच महिने. त्याला कारण आहे. सिंगापुरात १९५३ पासून रेबीज नाही. आपल्याकडे तो आहे. त्यामुळे तिथले पशुवैद्यकीय खाते आपल्या कुत्र्याकडे ज्या नजरेने पाहते, त्याच नजरेने आम्ही काउंटरवर आलेली, फाटून चिकटवलेली नोट पाहतो. बाबा रे, तू खरी असशीलही. पण मला लिहून कोण देणार?

लिहून देणारे बरेच निघाले. प्रथम दोघांच्या मानेत तांदळाएवढी चिप बसवली. तिच्यावर पंधरा आकडी क्रमांक. आमच्या बँकेतल्या खातेक्रमांकालासुद्धा एवढे आकडे नाहीत. मी अभिमानाने आजवरच्या रेबीजच्या लशींची कार्डे पुढे केली. दर वर्षीची, तारीखवार, टाचणी लावलेली. डॉक्टर म्हणाले, "ह्या चालणार नाहीत. चिप बसायच्या आधीच्या आहेत." मला पहिल्यांदा राग आला. मग लख्ख पटले. खाते उघडण्याच्या आधीची जमा कोण धरील? दोघांना पुन्हा टोचले. मग काही आठवड्यांनी रक्त काढून तपासणीला पाठवले. लस अंगी लागली की नाही हे त्यात कळते. मिलिलिटरला अर्धा युनिट असला की पास. चिल्लर डिस्टिंक्शनमध्ये आला. पिंशी काठावर सुटली. निकालाच्या दिवशी मी शाखेत पेढे वाटले, आणि मुलीचे अभिनंदन करायला जो तो तिच्या हॉस्टेलवर फोन करू लागला.

पण खरी परीक्षा पेटीची. कुत्रा विमानात मालाबरोबर जातो, आणि त्याची पेटी कशी असावी ह्याचे आंतरराष्ट्रीय सूत्र आहे. कुत्र्याची नाकापासून शेपटीच्या बुडख्यापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा, ही पेटीची लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट केली की पेटीची रुंदी. उभ्या कुत्र्याच्या डोक्यापर्यंतचे माप, अधिक खालचे अंथरूण, ही उंची. आत त्याला उभे राहता आले पाहिजे, वळता आले पाहिजे, ऐसपैस झोपता आले पाहिजे. एवढ्या सोयी मुंबईच्या लोकलमध्ये माणसाला मिळाल्या तर क्रांती होईल.

मी शिंप्याकडची टेप आणली. कुत्र्याला कोपर असते हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी समजले. टेप दिसली की चिल्लर ती तोंडात धरून गॅलरीत पळे. पिंशी उभी राही, पण तिच्या अंगावर केस इतके, की खरी पिंशी कुठे सुरू होते तेच कळेना. दाबून मोजली तर सात इंच भरे, न दाबता अकरा. मी सरासरी काढली. मिस्त्री माप वाचून म्हणाले, "साहेब, दोन कुत्र्यांसाठी एवढ्या पेट्या? ह्यात आमचा संसार मावंल."

विमानात कुत्र्याला गुंगीचे औषध द्यायचे नसते. तेव्हा त्याला पेटीची सवय आधीच लागावी लागते. दोघेही पेटीला हुंगून परत फिरत. शेवटी, ज्येष्ठांनी आधी पाऊल टाकावे ह्या न्यायाने, मी हातात बिस्किटे घेऊन स्वतः चिल्लरच्या पेटीत शिरलो. अर्धा आत गेलो आणि अडकलो. त्याच क्षणी सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सची पावती घेऊन आले. दार उघडेच होते. त्यांनी दोन कुत्री कोचावर बसलेली पाहिली आणि मला पेटीत पाहिले. पावती टीपॉयवर ठेवून ते एक अक्षर न बोलता गेले. पुन्हा त्यांनी आमच्या कुत्र्यांविषयी तक्रार केली नाही.

मुंबईला केंद्र सरकारच्या पशु-क्वारंटाइन खात्याने दोघांना तपासून शेवटचा शिक्का दिला, आणि मेच्या अखेरीस एका रात्री मी त्यांना विमानतळाच्या मालधक्क्यावर सोपवले. पेट्यांवर 'जिवंत प्राणी' अशी चिठ्ठी आणि वरच्या दिशेचे बाण. चिल्लर शेपूट हलवत गेला; रांगेत पुढे सरकायची त्याला जन्मापासून सवय. पिंशी जाळीला तोंड लावून माझ्यावर भुंकली. एकदाच. मग पेटी पट्ट्यावरून वळली.

विमानात हवाईसुंदरीने "व्हेज की नॉनव्हेज" विचारले. मी म्हणालो, "खाली कुत्र्यांना गार तर नाही ना होत?" तिने पायलटला विचारून येऊन सांगितले, की प्राणी असतात त्या कप्प्याचे तापमान सांभाळलेले असते. बिचारी चांगली होती. मला मात्र साडेपाच तास पायाखाली नुसता पिंशीचा तो एक भुंकार ऐकू येत होता.

सिंगापुरात उतरल्यावर मला वीस मिनिटांत सोडले. कुत्र्यांना नेले क्वारंटाइनमध्ये. आमच्या वाट्याला तीस दिवस आले. ठरावीक वेळी भेटायला जाता येई. मी बस आणि रेल्वे बदलून रोज जाऊ लागलो. जागा स्वच्छ, माणसे मायाळू. चिल्लरने चार दिवसांत तिथल्या सगळ्या नोकरवर्गाशी घरोबा केला. पिंशी खात नव्हती. मी समोर बसलो की माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवी, पण ताटलीकडे बघत नसे. पहिला दिवस, दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी तिथले एक वयस्कर तामिळ गृहस्थ मला हळूच म्हणाले, "उद्यापर्यंत बघू. नाहीतर डॉक्टरांना नळी घालावी लागेल."

मला काय करावे सुचेना. तिच्याशी बोलावे तर काय बोलणार? घरीसुद्धा मी पिंशीशी फार बोलत नसे. मी रात्री जेवणानंतर डायनिंग टेबलाशी बसून दिवसाचा हिशेब लिहितो, आणि लिहिताना तो मोठ्याने वाचतो. वडिलांपासूनची सवय आहे. पिंशी तेव्हा खुर्चीखाली झोपलेली असते. खिशात डायरी होतीच. मी वाचू लागलो. "बस, एक डॉलर ऐंशी. गुणिले बासष्ट. कॉफी, दीड डॉलर. केळी तीन, सव्वा डॉलर... काय हा भाव, पिंशे! दूध, सौ.ने दिले, नोंद नाही..." पानभर वाचून झाले. मागचे पान उलटले. कुरिअर, कोथरूड. मिस्त्री, पेट्या दोन. पाचव्या का सहाव्या ओळीला ताटलीचा आवाज झाला. मी मान वर केली नाही. डायरीतला हिशेब संपला तेव्हा मी पुढे तोंडाला येईल ते वाचत राहिलो. चोवीस वर्षांत एकही खोटी नोंद न केलेल्या माणसाने त्या दिवशी दुधाच्या तीन महिन्यांच्या काल्पनिक रकमा घडाघडा म्हणून दाखवल्या.

तामिळ गृहस्थांनी विचारले, "प्रार्थना होती का?" मी "हो" म्हणालो.

घराबद्दल सांगायला पाहिजे. सिंगापुरातली बहुतेक माणसे सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. तिथे घरटी एकच कुत्रा चालतो, आणि तोही मंजूर जातींच्या यादीतला, लहानसर. आमच्याकडे दोन, त्यांतला एक कुठल्याही यादीत न बसणारा. तेव्हा खाजगी इमारतीत घर घेणे भाग पडले. बाराव्या मजल्यावर. खाली पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, फाटकावर सलाम करणारा रखवालदार. भाड्याचा आकडा ऐकून मी गुणिले बासष्ट केले आणि तो कागद फाडून टाकला. ज्या चिल्लरमुळे कोथरूडला आमच्या इमारतीचा दर्जा जाणार होता, त्याच्यामुळे सिंगापुरात आम्ही श्रीमंत वस्तीत राहायला गेलो.

आता उकाडा. इथली मंडळी म्हणतील, पुण्याच्या माणसाने उकाड्याचे कौतुक सांगू नये. आकड्यांत पाहिले तर त्यांचे खरे आहे. सिंगापुरात आजवर नोंदलेले सगळ्यांत जास्त तापमान ३७ अंश. एकदा १९८३ साली आणि पुन्हा २०२३ साली. आमच्याकडे चैत्रात त्याला कोणी पंखासुद्धा लावत नाही. पण पुण्याचा उन्हाळा हा पाहुणा आहे. येतो, छळतो, वळवाचा पाऊस आला की जातो. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर. तिथला उन्हाळा पाहुणा नाही, घरमालक आहे. रोज ३१-३२ अंश. रोज सातच्या सुमाराला उजाडते आणि सातच्या सुमाराला मावळते. पाऊस पडतो तो गारवा आणायला नव्हे, वाफ काढायला.

माणूस घाम गाळून निभावतो. कुत्र्याला घाम येतो तो तळव्यांना, नावापुरता. बाकी सगळा कारभार जिभेवर. धापा टाकून तोंडातला ओलावा उडवायचा आणि अंग निववायचे. पण हवाच मुळी ओली, तर तो उडणार कुठे? पिंशी पहिले आठ दिवस न्हाणीघराच्या फरशीवर चारी पाय पसरून पडून होती. मी म्हटले, हिचे केस भादरून टाकू. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला थांबवले. असल्या दुहेरी केसांच्या कुत्र्याचा कोट उन्हालाही अडवतो. विंचरून आतले मेलेले केस काढा, पण वस्तरा लावू नका. मग मी रोज तासभर पिंशीला विंचरत बसे. निघालेल्या केसांत दर आठवड्याला एक नवी पिंशी तयार झाली असती.

फिरायला नेण्याआधी पालथा हात रस्त्यावर टेकवायचा. सात सेकंद ठेववला तरच कुत्र्याचे तळवे टिकतील. असा मी रोज फाटकाबाहेर ओणवा होऊन, रस्त्याला हात लावून, आकडे मोजत असे. रखवालदाराला पहिले काही दिवस वाटले, की हा भाविक माणूस घराबाहेर पडताना धरणीमातेला नमस्कार करतो. तोही करू लागला.

सकाळी कुत्री फिरवायला खाली येत त्या बहुतेक घरकामाच्या बायका. कोणी फिलिपिन्सची, कोणी इंडोनेशियाची, कोणी म्यानमारची. त्यांत मी एकटा पुरुष. पाचव्या आठवड्यात, आठव्या मजल्यावरच्या एक वृद्ध चिनी आजीबाई बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. तिथे वडीलधाऱ्या बाईला सगळे 'आंटी' म्हणतात, अगदी आपल्यासारखे. त्यांनी विचारले, "कुठल्या घरी कामाला?"

मी म्हटले, "बाराव्या मजल्यावर."

"मॅडम कशी आहे?"

"कडक आहे. पण जेवायला चांगलं देते."

"पगार?"

"पगार नाही. राहून-खाऊन."

आंटींचा चेहरा उतरला. "आणि रविवारची सुट्टी?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी डब्यातून गोड भाताचे लाडू आणले. मी ते खाल्ले, आणि खरे सांगण्याची वेळ निघून गेली. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आंटींनी सौ.ला गाठले आणि नोकरांना माणसासारखे वागवण्याविषयी चार शब्द ऐकवले. सौ. ऑफिसला उशीर करून वर परत आली. मला वाटले, चिडली. ती दाराला टेकून हसत होती. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "तुझी रजा किती उरली?"

"एकशे एक्क्याऐंशी."

"निवृत्तीला विकली असतीस तर किती आले असते रे?"

हा आकडा मला पाठ होता. मी सांगितला नाही. एवढा एकच हिशेब मी तिच्यापासून लपवला आहे.

चिल्लरचे तिथे वेगळेच झाले. सिंगापुरातही रस्त्यावरून उचललेली मिश्र जातीची कुत्री पाळतात. दिसायला थेट आपली गावठी. तांबूस, उभ्या कानांची, वळलेल्या शेपटीची. पण तिथे त्यांना गावठी म्हणत नाहीत. म्हणतात 'सिंगापूर स्पेशल'. बागेत एका मुलीने चिल्लरला पाहून हर्षाने विचारले, "स्पेशल ना? कुठल्या आश्रमातून घेतलात?" मी म्हटले, बँकेतून. नाव विचारले. चिल्लर. "चिलर!" ती म्हणाली. इंग्रजीत चिलर म्हणजे हवा गार करण्याचे यंत्र. एवढ्या उकाड्यात असे समर्पक नाव ठेवणाऱ्या माणसाकडे तिने फार आदराने पाहिले. थोडक्यात, महिन्याभरात माझा कुत्रा तिथला झाला. परका मी एकटाच.

परका असणे लिफ्टमध्ये शिकलो. आमच्या मजल्यावर एक मलाय कुटुंब होते. त्यांच्या धर्माप्रमाणे कुत्र्याची लाळ लागली तर धुऊन शुद्ध होण्याचा मोठा विधी असतो. मी कुत्री घेऊन लिफ्टमध्ये असलो की त्यांच्या घरातली बाई हसून "तुम्ही जा" म्हणे. मला माझी आजी आठवली. सोवळ्यात असली की आम्हां नातवंडांना ती अशीच लांबून हसून दाखवी. मग मीच थांबू लागलो. एकदा त्यांच्याकडून केक आला. तो आमच्या दिवाळीच्या चकल्यांनी फिटला. पिंशीने दोन्ही खाल्ले.

सिंगापुरात हिवाळा नसतो हे पिंशीला पटले नव्हते. नोव्हेंबर उजाडला तशी ती गॅलरीच्या कोपऱ्यात जाऊन बसू लागली. कोथरूडला ह्या दिवसांत तिथे कोवळे ऊन येते. इथे ते येत नसे. ती वाट बघे, मग उठून आत येई. जानेवारीत तीन दिवस पावसाची झड लागली आणि पारा बावीसवर आला. सगळ्या सिंगापूरने कपाटातले स्वेटर बाहेर काढले. पिंशी सकाळी उठली, हवा हुंगली आणि अकरा वर्षांची म्हातारी सबंध घरभर गोल गोल धावत सुटली. सौ. आणि मी चहाचे कप घेऊन बघत उभे होतो. त्या दिवशी रजा चार दिवस उरली होती.

मी परत येताना कुत्र्यांना आणायचे का, हा प्रश्न होता. सौ.चे एक वर्ष बाकी. पिंशीला पुन्हा पेटीत घालायचा धीर दोघांनाही नव्हता, आणि पिंशीशिवाय चिल्लर म्हणजे जमेशिवाय नावे. संध्याकाळी सौ. फिरवील, सकाळचे काय? तेव्हा आंटी आल्या. मी नोकर नसून नवरा आहे हे त्यांना एव्हाना समजले होते, आणि त्यांनी ते क्षमाही केले होते. म्हणाल्या, "सकाळी मी नेते. पण ही माझं ऐकत नाहीत. तुम्ही काय बोलता ते शिकवा."

शेवटचे तीन दिवस मी बाकावर बसून शिकवणी घेतली. 'चल'. 'थांब'. 'खाऊ नको'. 'अरे बाबा पुरे'. आंटींनी ते वहीत चिनी लिपीत उतरवून घेतले. त्यांना 'र' जमेना. "अले बाबा पुले." चिल्लर मान तिरकी करून ऐके आणि थांबे.

आता रात्री मी कोथरूडला टेबलाशी बसतो, सिंगापुरात फोन जमिनीवर ठेवलेला असतो, आणि मी हिशेब वाचतो. कोथिंबीर, वीस. पेट्रोल, दोनशे. सौ. म्हणते, पिंशी खुर्चीखाली येऊन झोपते. तिकडे तेव्हा रात्रीचे बारा वाजायला आलेले असतात, पण सौ. मला कधी 'आटप' म्हणत नाही.

परवा काउंटरवर एक गृहस्थ पाचशेची नोट पुढे करून म्हणाले, "चिल्लर आहे का हो?"

मी म्हणालो, "आहे. पण सिंगापूरला आहे."

गृहस्थांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि ते शेजारच्या खिडकीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.